रताळं कुणी कुणाला दिलं

को मालजा हे तिचं पूर्ण नाव. मालजा म्हणजे शेवटची मुलगी. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा आता पुरे म्हणून बापानं ठेवलेलं, नकुशीच्या जातीतलं नाव. पण नावाचं ओझं बाळगणाऱ्यातली ती नव्हती. ओसाकातल्या आमच्या कोरियन बाजारात तिच्याइतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. माझं सुक्या मासळीचं दुकान आणि अगदी समोर तिचं किमचीचं, मिरची-मिठात मुरवलेल्या भाज्यांचं, त्यामुळे तिचा आवाज मी रोज सकाळपासून ऐकत आले.

कोरियातल्या जेजू बेटावरून ती पोरवयात बोटीनं आली, सूतगिरणीत कामाला. तिच्यामागून दोन वर्षांनी त्याच गावची चुनोक आली. तेव्हापासून दोघी एकत्र. गिरणीत एकत्र, नंतर रबरी चपलांच्या कारखान्यात एकत्र, नवरे वारल्यावर बाजारातही एकाच गल्लीत. चुनोक तांदळाचे गोळे विकायची, हिरव्या पाल्याचे आणि लाल डाळीचे.

शाळेचं तोंड दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. जपानी फाडफाड बोलत, ओसाकाच्या शिव्यांसकट, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. कचेरीत जायचं झालं की मालजा उजव्या हाताला पट्टी गुंडाळून जाई. "हात भाजलाय हो, तुम्हीच लिहा." चुनोकला असलं नाटक जमत नसे. म्हणून तिच्या कामालाही मालजाच पुढे. दवाखान्यात मालजा बोलणार, चुनोक मागे उभी. बुधवारी बाजार बंद असला की दोघी सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन मग कोपऱ्यावरच्या उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांच्या, दुकानात जेवत, तिथंही तेच. भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या पट्ट्या लावलेल्या, पण त्या यांच्या लेखी नुसती नक्षी. मालजा आत शिरतानाच ओरडे, "दोन कित्सुने!" वर तळलेल्या टोफूचा तुकडा घातलेलं उदोन. चुनोकला ते आवडतं की नाही, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

१९९१च्या सुमाराची गोष्ट, नवा सम्राट गादीवर आल्याला दोनतीन वर्षं झाली असतील. अशाच एका बुधवारी मालजा ओरडली, "दोन कित्सुने!" आणि चुनोक म्हणाली, "एकच."

मालजानं मान वळवली. चुनोक भिंतीकडे बघत होती. ओठ हलत होते. "ओ... या... को... दों... बु... री," ती म्हणाली. "मला ते द्या. कोंबडी-अंड्याचा भात."

"तुला काय ठाऊक तिथं ते लिहिलंय?"

"वाचलं की, ताई."

मग हळूहळू बाहेर आलं. जवळच्या प्राथमिक शाळेत मोठ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग भरत होता आणि चुनोक वसंतापासून तिथं जात होती. मालजाला तिनं चकार शब्द सांगितला नव्हता.

"का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

मालजा तेव्हाही हसली. "दात पडल्यावर ऊस खायला निघाली! म्हातारे, उद्या दप्तर घेशील पाठीवर, लाल रंगाचं." पण समोरचं उदोन तिनं निम्मं टाकलं. हे मला उदोनवाल्याच्या बायकोनं सांगितलं. मालजानं अन्न टाकलं म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

आणि बिनसलंच. चुनोक आता गल्लीतून चालताना दोन्हीकडच्या पाट्या वाचत चाले. "ता-को. नि-रा. को-मे." ऑक्टोपस, पात, तांदूळ. मुद्दाम मोठ्यानं वाचत नसे हो, पण मालजाला ते कानात उकळतं तेल ओतल्यासारखं होई. चुनोकनं स्वतःच्या हातानं गोळ्यांच्या ताटात नावाची चिठ्ठी टोचली. अक्षरं वाकडी होती, पण गिऱ्हाइकं थांबून म्हणायची, "आजी, तुम्ही लिहिलंत?" चुनोक लाजायची. ते लाजणं पाहिलं की मालजा कोबीवर मीठ असं चोळायची की कोबीनंच गुन्हा केला असावा.

पुढच्या आठवड्यात तिनं रंगाऱ्याकडून तीन झोकदार पाट्या रंगवून आणल्या. हाकुसाई म्हणजे कोबी, दाइकोन म्हणजे मुळा, क्यूरी म्हणजे काकडी. रंगाऱ्यानं कोणती कुठं ते सांगितलं होतं, तिनं क्रमही पाठ केला होता. पण वाटेत पिशवी कलंडली आणि क्रम गेला. विचारायचं कुणाला? तिनं अंदाजानं लावून टाकल्या. काकडीवर मुळा, मुळ्यावर कोबी, कोबीवर काकडी.

मी दुकान उघडलं तेव्हा चुनोक तिथं उभी होती. मालजा मागे नळावर गेलेली. चुनोकनं इकडंतिकडं बघून तिन्ही पाट्या पटापट जागेवर लावल्या आणि निघाली. तेवढ्यात मालजा आली.

"काय करतेस गं माझ्या दुकानात?"

"काही नाही, ताई. जरा उलटसुलट लागल्या होत्या..."

"मी लावल्या तशाच हव्यात मला! माझ्या मालाचं नाव मला शिकवतेस?"

आणि तिनं तिन्ही पाट्या पुन्हा होत्या तशा लावल्या. चुकीच्या! त्या दिवशी अख्खा बाजार हसला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आजी, तुमचा मुळा हिरवागार आहे आज." मालजा म्हणाली, "माझा मुळा, माझी मर्जी." पाट्या तिनं संध्याकाळपर्यंत हलवल्या नाहीत. दुकान बंद करताना माझ्याकडे आली. म्हणाली, "त्या वर्गाला दार कुठून आहे?"

वर्ग घेणारे निशिवाकी मास्तर निवृत्त होते, टक्कल पडलेले, फार हळू बोलणारे. त्यांची रीत सोपी. आल्याबरोबर विचारायचे, "आज काय जेवलात?" ज्यानं जे सांगितलं ते फळ्यावर लिहायचे. तामागो, अंडं. मिसो, सोयाबीनचा खारा लगदा. नोरी, सुकवलेलं समुद्रशेवाळ. खाल्लेलं नाव कुणी विसरत नाही, असं ते म्हणायचे. मालजा पहिल्या दिवशी सगळ्यात मागे बसली. चुनोक पुढच्या बाकावर होती, आणि मास्तर तिला म्हणाले, "वा, आज अक्षर छान आलंय." मालजाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिला सोपं नाही गेलं. 'की' आणि 'सा' दिसायला सख्ख्या बहिणी, फक्त एका आडव्या काठीचा फरक. तिनं किमची, जपानीत 'किमुची', लिहिली ती 'सामुची' झाली. क्यूरीतला लहान 'यू' बघून ती चिडायची. "हा एवढासा का? उपाशी ठेवलाय का याला?" मास्तर सांगायचे, "तो मागच्याला चिकटून बसतो, एकटा बोलत नाही." आणि दाइकोन तर तिचा वैरीच. 'ता'वर दोन ठिपके दिले की 'दा' होतो, पण मालजाच्या कोरियन जिभेवर जन्मभर 'ताइकोन'च होतं. जे ऐकूच येत नाही ते लिहिणार कसं? चुनोकची जीभही तीच, पण तिनं ठिपके पाठ करून टाकले होते. मास्तर बरोबर आलेल्या पानावर लाल पेन्सिलीनं गोल काढत, आणि फारच चांगलं असलं तर गोलाभोवती पाकळ्या. चुनोकच्या पानावर फुलं आणि मालजाच्या पानावर नुसते गोल.

"तिला फूल आणि मला भोपळा," ती मला म्हणाली. "मास्तराला तांदळाचे गोळे नेऊन देत असेल."

"तूही ने किमची."

"नेली होती. तिखट लागली म्हणाला."

पानं गळायच्या दिवसांत मास्तरांनी सांगितलं, कधीच न विसरलेल्या खाण्याबद्दल दोन ओळी लिहा. चुनोकनं इमोवर, म्हणजे रताळ्यावर, लिहिलं आणि उभं राहून वाचलं:

"इमो. युद्धाच्या वेळी गिरणीत आम्हाला एकेक रताळं मिळालं. मालजाताईला ताप होता, तिचं कुणीतरी चोरलं. मी माझं अर्धं तिला दिलं. ते फार गोड होतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाचे तरी डोळे भरून आले. मास्तरांनी पाकळ्या काढल्या. मागून आवाज आला, "खोटं आहे!"

मालजा उभी होती. "ताप तुला होता! रताळं तुझं चोरलं होतं! अर्धं मी दिलं तुला, माझ्यातलं!"

"ताई, मला नीट आठवतंय."

"तुला? तुला काल काय खाल्लं ते आठवत नाही! आणि गोड कुठलं, पाणचट होतं!"

मास्तरांनी शांतपणे दोघींकडे पाहिलं. म्हणाले, "मालजाबाई, तुम्हीही लिहा ना. तुम्हाला जसं आठवतं तसं."

हे तिला झोंबलं. बोलण्यात तिला कधी कुणी हरवलं नव्हतं. पण चुनोकचं म्हणणं आता कागदावर होतं, वर लाल फूल होतं, आणि हिचं नुसतं हवेत. अख्ख्या ओळी लिहिणं तिला अजून येत नव्हतं. ती रागानं फुटायची तेवढी बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आयुष्यभर मी तिच्या वतीनं बोलले. आणि आता ती माझ्या वतीनं लिहिते, तेही उलटं."

मग मात्र ती झपाटली. कोबीला लावायचं मीठ परातीत पसरून त्यावर बोटानं गिरवायची, गिऱ्हाईक आलं की हातानं पुसून टाकायची. अडलं की माझ्याकडे यायची. "ते 'मो' कसं? मासे धरायच्या गळासारखं ना, दोन काड्यांचं?" मी म्हटलं, "चुनोकला विचार, दोन पावलांवर आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही.

वर्षअखेरीला शाळेच्या ओसरीत वर्गाचे कागद लावले. मास्तर खट्याळ असावेत. त्यांनी दोघींचे कागद शेजारी शेजारी टाचले. मालजाचा कागद खोडून खोडून पातळ झालेला. त्यावर लिहिलं होतं: "इमो. चुनोकला ताप होता. रताळं माझं होतं. अर्धं मी दिलं. गोड नव्हतं." खाली लाल फूल होतं. आपल्या आणि चुनोकच्या फुलाच्या पाकळ्या मालजानं बोट लावून मोजल्या. सारख्याच निघाल्या, त्याचंही तिला वाईट वाटलं.

येणारा-जाणारा थांबून हसत होता. तांदूळवाले मोरिताकेकाका दोन्ही कागद वाचून म्हणाले, "मग रताळं होतं तरी कुणाचं?"

"माझं!" दोघी एका सुरात म्हणाल्या, आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

अबोला पुष्कळ चालला. बुधवारी दोघी वेगवेगळ्या वेळी न्हाणीघरात जायला लागल्या. मग थंडी सरताना चुनोक दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि खुबा मोडला. मालजा दुसऱ्याच दिवशी इस्पितळात गेली, डबा घेऊन. परत आली ती तणतणत. चुनोक म्हणे तिथं जेवणाच्या चिठ्ठ्या वाचून अख्ख्या खोलीतल्या म्हाताऱ्यांना सांगत होती, आज कोणता मासा आणि कोणती भाजी, आणि नर्सा तिचं कौतुक करत होत्या.

"पडली ती, आणि वर मिरवतेय," मालजा म्हणाली.

"भांडलात का?"

"नाही." तिनं मिरचीची पूड कालवायला घेतली. "म्हणाली, रताळं तुझंच होतं ताई, मीच चुकले असेन. वाटीभर पेज दिल्यासारखं दिलं मला. मी म्हटलं, भीक नको तुझी. माझं असेल तर माझं, तू कोण देणारी?" बोलता बोलता तिनं डोळे पुसले, आणि मिरचीच्या हातानं पुसल्यामुळे आणखी पाणी आलं.

वसंतात चुनोकची लेक येऊन तिला नागोयाला घेऊन गेली. एकटीनं राहणं आता जमणार नव्हतं. गाळा दुसऱ्या कुणी घेतला. निरोपाला मालजा आलीच नाही. त्या दिवशी नेमका माल भरायचा होता म्हणे.

ती वर्गाला जात राहिली. पुढच्या बाकावर बसू लागली, पण मास्तरांच्या फुलांत आता तिला राम वाटत नसे. शेजारी हेवा करायला कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा चुनोकचा फोन यायचा, माझ्या दुकानात, कारण मालजाच्या घरी फोन नव्हता. एकदा फोन ठेवून मालजा दारातच उभी राहिली.

"काय झालं?"

"तिकडेही वर्ग आहे. तिला एक मैत्रीण मिळालीय, ब्राझीलची कुणी. दोघी एका बाकावर बसतात. एकमेकींना डब्यातलं देतात. आणि बुधवारी बाहेर जेवायला जातात." शेवटचं वाक्य तिनं दातांखाली चावून काढलं. "फार चांगली आहे म्हणते. फार चांगली!"

त्यानंतर चार दिवस तिच्या दुकानात कुणाला धड उत्तर मिळालं नाही. पाचव्या दिवशी दुकान बंद. मोठ्ठा डबा कोबीच्या किमचीनं भरून ती नागोयाच्या गाडीत बसली. एकटीनं आगगाडीचा प्रवास, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, "चुनोकला भेटायला का?"

"चुनोकला काय भेटायचं? तिला तर जन्मभर पाहिलंय. त्या बाईला बघायचंय."

दोन दिवसांनी ती परत आली, रिकामा डबा काखेत. मी मासळी बांधता बांधता विचारलं, "कशी आहे गं ती बाई?"

मालजानं डबा ठेवला, बाह्या सरसावल्या, कोबी पुढे ओढला.

"बरी आहे," ती म्हणाली. "अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे."