आवाजात सुधारणा

एका रविवारी सकाळी, पोह्यांची बशी मांडीवर असताना, माझ्या मोबाइलवर निरोप आला. साउंडबारसाठी नवीन अपडेट आला आहे, त्यात ‘आवाजात सुधारणा’ केली आहे, मान्य असेल तर ‘हो’ दाबा. सुधारणा म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? लिंबू पिळलेल्या बोटानेच मी ‘हो’ दाबलं. पुढचा महिनाभर त्या बोटाला शिव्या देत होतो.

साउंडबार मुलीने पुण्याहून पाठवलेला. टीव्हीखाली ठेवायचा हातभर लांब काळा दांडका, आणि कोपऱ्यात ठेवायचा एक ठोकळा, ज्यातून घुमारा निघतो. घर आमचं यवतमाळात, लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. हॉल लहान, त्यामुळे तबल्याचा ‘धा’ पडला की शोकेसमधल्या सहा काचेच्या पेल्यांपैकी डावीकडचे दोन किणकिणायचे. पाहुणे आले की मी मुद्दाम तबला लावायचो आणि तोंडाने काही न बोलता, एखाद्या जादूगारासारखं, पेल्यांकडे बोट दाखवायचो.

अपडेट झाला, दांडक्यावरचा दिवा पांढरा झाला, मी तबला लावला. पेले गप्प. तबला वाजत होता, पण त्याचं पोट कोणीतरी काढून घेतलं होतं. बातम्या लावल्या तर निवेदिकेचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा. यंत्र बिघडलं असेल हा विचार आलाच नाही. पहिला विचार आला तो माझ्या कानांचा.

याला कारण आहे. मी शाळेत शिकवतो, पण जिल्ह्यात लोक मला ओळखतात ते माइक हातात धरणारा म्हणून. साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, सत्कार असो, कोणाची सेवानिवृत्ती असो, सूत्रसंचालनाला मी. किस्से सांगतो, नकला करतो. नकला करणाऱ्याचं सगळं कानावर चालतं, तोंड नंतर येतं. आणि माझे वडील पंचावन्नाव्या वर्षी ठार बहिरे झाले. मी बावन्नचा. वडिलांना चहा विचारला की ते रस्त्याचा पत्ता सांगायचे, ती त्यांची नक्कल माझी हमखास टाळ्यांची. एवढी वर्षं ती करून झाल्यावर आता तेच आपल्या वाट्याला आलं तर? मी दिवसभर स्वतःची परीक्षा घेत फिरू लागलो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक किती पावलांवरून ऐकू येते ते मोजलं. फोडणीतली मोहरी पूर्वीसारखीच तडतडते का म्हणून कढईजवळ कान नेला, तर पाळीवर तेल उडालं. शाळेत पोरं मागच्या बाकावर कुजबुजली की पूर्वी राग यायचा, आता ऐकू आलं की हायसं वाटायचं.

शेवटी बायकोला विचारलं. ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, पाठ माझ्याकडे.

“आवाज बदलल्यासारखा वाटते का तुले?”

“हाव ना,” ती म्हणाली.

मला केवढा धीर आला! म्हणजे कान शाबूत, दोष यंत्राचा. आमच्याकडे ‘हाव’ म्हणजे होय, आणि माझी बायको गेल्या काही वर्षांत भलतीच ‘हाव’वाली झाली होती. बोरी अरब गावची ही बाई लग्नानंतर वीस वर्षं माझ्या प्रत्येक वाक्याला ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, म्हणायची. मग हळूहळू सगळ्याला ‘हाव ना’. वय झालं की माणूस निवळतो, असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो.

त्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडत होती, पण मी माझ्या घुमाऱ्याच्या काळजीत होतो. दोन वर्षांपूर्वी ‘त्यात काय ठेवलं हाय’ म्हणून मालिका सोडलेली बायको पुन्हा हॉलमध्ये येऊन बसू लागली. मेथी निवडत पूर्ण भाग बघायची. एकदा तर टीव्हीतल्या सासूकडे बघून म्हणाली, “खोटं बोलून राह्यली ते.” मी मनात म्हटलं, हिला काय, हिला कुठे तबला ऐकायचाय.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, अपडेट मागे घेता येत नाही.”

“मग विचारतात कशाला?”

“तुम्ही हो म्हणालात ना?”

“मी नाही. बोट म्हणालं.”

मग लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटी शेड टाकून ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माझा जुना मित्र धावून आला. पूर्वी माझ्या कार्यक्रमांना माइक तोच लावायचा. त्याने दांडका उलटा केला, सुलटा केला, बातम्या ऐकल्या आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला.

“मास्तर, यंत्र तेच हाय. त्याची अक्कल बदलली.”

“म्हणजे?”

“पयले कंपनीनं त्याले सांगतलं होतं, ढोल वाजव. आता सांगतलं, बोलनं आयकव. म्हनून गानं मांगं गेलं अन् बोलनं पुढं आलं.”

“कोणाले पाह्यजे बोलनं पुढं?”

“असन कोनाले तरी. मी जुनी अक्कल टाकून देतो. पन चालू असताना लाइन जाऊ देऊ नोका. अर्ध्यात लाइन गेली तं मंग हा दांडका पोळ्या लाटाले घ्या.”

लाइन, म्हणजे वीज, गेली नाही. वीस मिनिटांनी ‘धा’ पडला आणि डावीकडचे दोन पेले किणकिणले. मी मित्राला मिठी मारली, चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

परत आलो तेव्हा बायको मालिका लावून बसली होती. मी मागे खुर्चीत टेकलो, विजयी. तिने पाचेक मिनिटं पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. मग मान पुढे काढली. मग रिमोटने आवाज वाढवला, तर नुसता घुमारा वाढला, पेले खुळखुळले. तिने मेथीचं ताट उचललं आणि ती उठली.

“काहून उठली?” मी मागून विचारलं.

“हाव ना,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तसाच बसून राहिलो. ‘काहून’चं उत्तर ‘हाव ना’ होत नाही. मग उठून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणालो, “उद्या तुह्या बहिणीकडचे वीस जण जेवाले येऊन राह्यले.”

“हाव ना.”

वडिलांनाही असंच विचारून बघायचो आम्ही, फरक एवढाच की तेव्हा हसायचो. मी वळसा घालून तिच्यासमोर गेलो.

“तुले आयकू येत नाही?”

ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, ओठांकडे बघत होती. हे कधीपासून चाललं होतं, कोण जाणे.

“येते,” ती म्हणाली. “थोडं कमी येते.”

“कधीपासून?”

“तीन साल झाले असन.”

“मले सांगतलं काहून नाही?”

तिने मेथीची एक काडी मोडली. “तुमच्या बाबाची नक्कल मी सत्रा डाव पाह्यली. लोकं लोटपोट होते. मले तुमचा किस्सा नव्हतं व्हाचं.”

मी ताटातली मेथी उगाच निवडू लागलो.

तीच पुढे बोलली. “मंधात हा महिनाभर चांगलं आयकू ये टीव्हीतलं. एक एक शब्द. मले वाटलं माह्ये कान सुदरून राह्यले. मी तं देवाले नारळ बोलली. अन् आज पाहा, पुन्हा गेले.”

कान गेले नव्हते. मी घालवले होते. त्याच हॉलमध्ये महिनाभर मी आधी माझे कान, मग यंत्र बिघडलं म्हणून हळहळत होतो आणि ती तिचे बरे झाले म्हणून आनंदात होती, दोघंही एकाच दांडक्यापायी. सुधारणा खरोखर झाली होती, आणि ती मी मित्राला चहा पाजून काढून टाकली होती.

मित्राला फोन लावला. “नवी अक्कल परत टाक.”

“मास्तर, डोकं ठिकान्यावर हाय ना?” मग मी कारण सांगितलं. तो म्हणाला, “मोबाइलवर पुन्हा ‘हो’ दाबा, येते ते. पन आभाळ आलं हाय, लाइनचा भरोसा नाही. पयले इन्व्हर्टरच्या प्लगावर घ्या.”

इन्व्हर्टरचा प्लग आमच्याकडे स्वयंपाकघरात, मिक्सरचा. मी दांडका उचलून ओट्यावर ठेवला, पोळपाटाशेजारी. मित्राची लाटण्याची गोष्ट आठवली, म्हणून लाटणं लांब सरकवलं. बोट पुसलं, ‘हो’ दाबलं. टक्के चढू लागले. दहा. सतरा. सतरावर इतका वेळ थांबलं की मी श्वास धरला. बाहेर वारा सुटला, कोणाचा तरी पत्रा वाजला. ती वाजलेल्या पत्र्याकडे वळली नाही, आणि ते पाहून मला पुन्हा भीती वाटली. एक्केचाळीसला लाइन गेली. हॉलमधला टीव्ही विझला. इन्व्हर्टरने टुक् केलं आणि दांडक्यावरचा दिवा, अगदी बारीक, लुकलुकत राहिला. मी ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभा होतो, जणू मी सोडलं तर दिवा विझेल. ती शेजारी उभी राहून कधी दिव्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती.

शंभर झाले. दिवा पांढरा झाला.

लाइन येईपर्यंत आम्ही तिथेच दोन डबे पालथे घालून समोरासमोर बसलो. तेव्हा मला दुसरी धडकी भरली.

“मंग माह्ये किस्से?”

मी किस्सा सांगताना शेवटची ओळ आवाज पाडून सांगतो. लोक पुढे झुकतात, आणि मग हशा. घरात पाहुणे असले की त्या ओळीवर सगळ्यात आधी हसणारी माझी बायकोच.

“शेवटचं काई आयकू येत नसे,” ती म्हणाली. “तुमची डावी भुवई वर गेली का मी हसो.”

“बकरीचा किस्सा?”

“ते शेवटी मरते ना?”

“बकरी? कोण मरते?”

“मले वाटे मरते.”

“अन् तरी हसत होती?”

“तुम्हीच हसत होते ना पयले.”

बकरीचा किस्सा तीन वर्षांपूर्वीचा. एका सत्काराच्या कार्यक्रमात मंडपात शिरलेल्या बकरीने सत्कारमूर्तींची यादी खाल्ली. मी घाबरून अध्यक्षांना विचारलं, आता काय करू? इथे मी आवाज पाडतो. त्या दिवशी मात्र पूर्ण आवाजात, तिच्या तोंडासमोर सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “मग बकरीचाच सत्कार करा. सगळी नावं तिच्याच पोटात आहेत.”

तिने थोडा विचार केला. “एवढंच?”

कानाच्या डॉक्टरकडे ती सहजी आली नाही. तीन वेळा तारीख घेतली, तीन वेळा तिचं डोकं दुखलं. चौथ्या वेळी मी मुकाट्याने चपला घालून दारात बसून राहिलो, तेव्हा निघाली. आता दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं आहेत, मोबाइलला जोडलेली. पहिल्या दिवशी म्हणाली, “आपला पंखा एवढा कुरकुरते?” आणि मग, “तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येते.” महिन्याभराने डबा गेला म्हणाली. ‘काहून’ परत आलं आहे. दिवसातून वीसेक वेळा.

वडिलांच्या नकलेची मध्यंतरी एका साक्षगंधात फर्माईश झाली. घसा बसल्याचं सांगून मी सुटका करून घेतली. हे लिहिलेलंही आधी तिला समोर बसून वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी ‘काहून?’ म्हटलं, ती वाक्यं काढली.

आणि गेल्या आठवड्यात, सकाळी, तिचा मोबाइल माझ्या हातात असताना निरोप आला. श्रवणयंत्रासाठी नवीन अपडेट. ‘आवाजात सुधारणा.’ मोबाइल घेऊन मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि दाखवला.

“काय सुदारतीन?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“तुमचा आवाज बदलन का?”

“बदलू शकते.”

तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला, पालथा करून फ्रिजवर ठेवला, आणि डबा ओढून बसली.

“मंग पयले तो बकरीचा सांगा एक डाव. हा आवाज आयकून ठेवतो. मंग पाहू.”

मी दुसरा डबा ओढला, डावी भुवई खाली ठेवली, आणि सुरुवात केली.