पडलेल्या स्वाराचं चित्र

आप्पांना लकवा मारला त्याला आता वर्ष होऊन गेलं. काठी टेकत चालतात, डाव्या हातानं जेवतात. वाचा मात्र गेली ती गेलीच, लिहिणंही गेलं. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लवकर आणलं असतं तर बोलणं कदाचित वाचलं असतं. ते ऐकल्यापासून मला चैन नव्हती. कारण आप्पा गोठ्यात पडले तेव्हा आई भिंतीपलीकडेच होती.

"नुसती हाक मारायची व्हती गं. मी चुलीपाशीच तर व्हते," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची आणि पदर तोंडाला लावायची. धारेची वेळ टळून म्हैस ओरडायला लागली, तेव्हा कुठं ती बघायला गेली. म्हैस खुंट्याला बांधलेली आणि आप्पा भिंतीला टेकून बसलेले, तोंड वाकडं झालेलं.

हाक का मारली नाही? माहेरी गेले की मी त्यांना हेच विचारायची. तापट स्वभाव मला त्यांच्याकडूनच आलाय. ज्याला बोलता येत नाही त्यालाच मी जाब विचारत बसायची. आमच्यावर त्यांचा भरवसाच नव्हता, असं मी मनाशी धरून बसले होते.

या थंडीत त्यांना घेऊन औंधला गेले. डोंगर चढणं जमणार नव्हतं, म्हणून यमाईला खालूनच हात जोडले. गावात जुन्या रेखाचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, सगळी घोड्यांची. फौजेत घोडे शिकवण्यात आप्पांची उभी नोकरी गेली. म्हटलं, तेवढंच त्यांना बरं वाटेल.

नुसतं बरं वाटण्यावर भागलं नाही. इतके दिवस खाली मान घालून चालणारा माणूस एकदम ताठ झाला. एका चित्रात लांब दोरीवर गोल फिरणारं शिंगरू, एकात पाठीवर टाकायच्या आधी खोगीर हुंगू दिलेला घोडा. कागद पिवळे पडलेले, रेघा मात्र ताज्या. प्रत्येक चित्रापुढे आप्पा थांबायचे आणि आपली उंची घोड्याला लावून बघावी तसे मागे-पुढे व्हायचे. मी मनातल्या मनात हसत होते.

एका चित्रापुढून मात्र ते हलेनात. स्वार पाठीवर पडलाय, पागोटं लांब उडालंय, पण लगाम मुठीत घट्ट आहे आणि घोडा तिथंच उभा आहे. आप्पांनी काचेवर बोट ठोकलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठोकलं. पुन्हा काच, पुन्हा छाती.

लहानपणी आम्ही त्यांच्या छावणीत राहायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला घोड्यावर बसवलं होतं. मी पडले, गुडघा फुटला, भोकाड पसरलं. आप्पांनी आधी धावत जाऊन घोडा धरला, त्याचे पाय चाचपले, मग माझ्याकडं आले. "पडलं तरी लगाम सोडायचा न्हाई. आदी घोडं, मग आपण. सुटलेलं घोडं दुसऱ्याचा जीव घेतंय," म्हणाले. आई त्यावरून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

म्हैस बांधून झाल्यावर त्यांना झटका आला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी चित्राकडून आप्पांकडं वळले.

"आप्पा, तुमी पडल्यावर म्हैस बांदली व्हय?"

त्यांनी मान डोलावली.

"एका हातानं?"

डोलावली. मग डावा हात गळ्याशी नेला, तोंड उघडलं आणि रिकामा तळहात माझ्यापुढं धरला. दावं बांधून होईपर्यंत आवाज गेला होता. हाक त्यांनी मारली होती. ती बाहेर आली नव्हती.

मी प्रदर्शनातल्या लोकांसमोरच रडले. एका म्हशीपायी, माझ्या बापाचा आवाज! "आवं, गेली असती म्हस तर गेली असती! हुडकली असती आमी!" माझा आवाज चढला, तशी माणसं वळून बघायला लागली. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आन् परत तसं झालं तर? तवा तरी आदी आमाला हाक माराल न्हवं?"

माझं मन राखायला हो म्हणतील, असं वाटलं. पण खोटं त्यांना कधी जमलंच नाही. त्यांनी सावकाश, नाही म्हणून मान हलवली.