साडेतीन डोक्यांचे पहिलवान

मारेगावच्या कापसाच्या जिनिंगमधला हा फिटर टीव्हीवरच्या यंत्रमानवांचा भक्त. त्या वर्षांत कापूसच कमी यायचा, जिनिंग बहुतेक बंद असायची आणि हा भंगारातून स्वतःचे यंत्रमानव जुळवत बसायचा. प्रत्येकाच्या खांद्यात जुन्या जिनिंग मशीनचं तेच मोठं बेअरिंग. त्यामुळे सगळे बुटके पहिलवान दिसायचे.

"भाऊ, माणूस आपल्या डोक्याच्या साडेसातपट उंच असतो. तुमचे साडेतीनच भरतात," मी, चित्रकलेचा मास्तर, सांगून थकलो. "अन् दर खेपेला तेच बेअरिंग कायले लावता?"

तो टिचकी मारून पहिलवानाचा हात गरगर फिरवून दाखवायचा. "सर, मले ते प्रमाण-बिमाण नाही समजत. खांदा फिरला पाह्यजे." मग तेलाचा एक थेंब.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मशीनचं बेअरिंग तुटलं. नवं नागपूरहून यायला दोन दिवस. मी पोचलो तोवर मशीन पुन्हा सुरू झालं होतं आणि फळीवर त्याचा सगळ्यात लाडका पहिलवान एका हाताविना कलून उभा होता.

"आता तर याचा तोलही गेला," मी सवयीनं म्हणालो.

मशीनच्या आवाजाला लावलेला कान त्यानं हलवला नाही. "जाऊ द्या ना सर. त्याचा खांदा ड्युटीवर गेला."