‘काढ’ म्हटलं मी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच धीर होतोय.

अंधेरीच्या ऑफिसात सुहास माझा सीनियर. क्लासवाल्यांसाठी आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर बनवत होतो, ते तपासणं माझं काम. त्यात एक भयंकर गोष्ट सापडली. इन्स्टॉल करताना वेगळा फोल्डर न करता कुणी थेट डी ड्राइव्ह निवडला, तर सॉफ्टवेअर काढताना अख्खा ड्राइव्ह पुसला जायचा. मी म्हटलं, अशी जागा निवडूच देऊ नका — निदान इशारा तरी द्या. इशारा मराठीत लिहूनही दिला. सुहासने तो सगळ्यांसमोर वाचला, माझ्या मालवणी हेलात. “अगं, इतका माठ कोण असतो? बालवाडी काढलीय का आपण?” सगळे हसले. मीही हसले — का हसले मी?

त्या दिवसापासून मी वाट बघत होते. कसली, ते ठाऊक नव्हतं.

सुहास मनोरीचा, कोळी. त्याचे वडील नुकतेच वारले होते. समुद्रात खडक कुठे, किनाऱ्यावरचं कुठलं झाड देवळाच्या रेषेत आलं की जाळं टाकायचं — हे त्याने त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं होतं. जेवताना आम्हाला ऐकवायचा. ते फक्त त्याच्या लॅपटॉपवर होतं, डी ड्राइव्हमध्ये. मला माहीत होतं.

एका दुपारी सी ड्राइव्ह भरला म्हणून त्याने आमचं सॉफ्टवेअर थेट डीवर टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. संध्याकाळी काढायला घेतलं आणि थांबला.

“ए, तू म्हणत होतीस तो लोचा नीट झाला ना गं?”

झाला नव्हता. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं?

“झाला रे,” म्हटलं मी. “काढ.”

चुकून बोलले असं नाही. मला त्याला रडताना बघायचं होतं. तो रडला, आणि मला बरं वाटलं. कांदिवलीला घरी गेले, पोटभर जेवले. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनीही नंतर हात टेकले.

आता आमचं सॉफ्टवेअर तशी जागा निवडूच देत नाही. सुहासनेच हट्टाने करून घेतलं. नवीन कुणी आलं की तो स्वतःची चूक सांगतो, बाबांचा आवाज कसा गेला ते सांगतो. मी शेजारच्याच खुर्चीत असते. मला विचारलं होतं, हे तो कधीच सांगत नाही — विसरला, की मला वाचवतो? तो स्वतःला शिव्या घालतो, मी मान हलवते. अजूनही मला ते ऐकायला आवडतं.