नळी आधी घालायची असते

घरात जळका वास आला की तो सोल्डरचा आहे की माणसाचा, हे मला आधी बघावं लागतं.

माझा नवरा केबली बनवतो. माईकच्या, गिटारच्या, स्पीकरच्या. जवळच्या सभागृहातली प्रत्येक केबल आमच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर तयार झालेली आहे. कुणी गायला उभं राहिलं तरी ह्यांचं लक्ष गाणाऱ्याकडे नसतं, माईकच्या बुडाकडे असतं. ह्यांचा जोड म्हणजे जोड! तारेवर वितळवून लावलेलं सोल्डर नेमकं, वर काळी चिकटपट्टी. त्या चिकटपट्टीबद्दल मात्र अवाक्षर काढायचं नाही.

धाकटे भाऊजी वरच्या मजल्यावर राहतात. हे काम ते ह्यांच्याच हाताखाली शिकले. मग एकदा त्यांनी कुठून तरी हीट श्रिंक आणली. ही प्लॅस्टिकची बारीक नळी. तारेवर चढवायची, गरम हवा मारायची, की आक्रसून जोडावर घट्ट बसते. लाल, निळी, पिवळी. भाऊजींच्या केबलची पिन उघडली की आत रंगपेट्या. आमची उघडली की चिंधी बांधलेलं बोट.

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी दोन्ही उघडून बघितल्या. "तुमची पट्टी उन्हाळ्यात सुटते हो," ते ह्यांना म्हणाले. "आत सगळा चिकटा होतो." नव्या केबलींचं काम कुणाला द्यायचं ते दोघांचे नमुने बघून ठरवणार होते. इतकी वर्षं ते काम ह्यांचं होतं. ते भाऊजींकडे गेलं असतं तर हे पुन्हा त्या टेबलाशी बसले नसते. मी ओळखते ना ह्यांना.

त्या दिवसापासून ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. वर गरम हवेच्या गनची घरघर सुरू झाली की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. "रंग लावायला काय अक्कल लागते?" म्हणायचे. आणि जरा वेळानं, हळूच, "तुझ्या जावेला विचार ना, ती नळी मिळते कुठे."

मी जिन्यात जावेला गाठलं. कपड्यांची बादली या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "मला नाही माहीत बाई."

माहीत नाही कसं? नळ्यांची पिशवी घेऊन तीच तर आली होती, मी खिडकीतून पाहिलं होतं! माझाही जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याच दिवशी मी सगळा बाजार पालथा घातला आणि नळी घेऊनच घरी आले.

हे बसले. तार सोलली, पिनेला जोडली, जोड असा झाला की दृष्ट काढावी. मग ह्यांनी नळी उचलली आणि तशीच धरून राहिले. तार एका बाजूनं पिनेला चिकटलेली, दुसऱ्या बाजूनं केबलच्या पोटात. नळी शिरणार कुठून? ती आधी तारेत ओवून ठेवायची असते. आयुष्यभर पट्टी गुंडाळणाऱ्याला ते सुचणार कसं! ह्यांनी जोड सोडवला, नळी ओवली, पण जोडाच्या इतकी जवळ ठेवली की सोल्डरच्या धगीनं ती भलत्याच जागी आवळून बसली. ती ब्लेडनं कापून काढली. तिसऱ्यांदा रागारागात पुन्हा आधी जोडच केला.

नेमके तेव्हा भाऊजी पक्कड मागायला आले. टेबलाकडे बघून खो खो हसले. "दादा, नळी आधी घालायची असते!"

ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता पक्कड भाऊजींच्या डोक्यात बसते. पण भाऊजींनी ती उघडी पिन उचलून दिव्यासमोर धरली आणि त्यांचं हसू आटलं. बराच वेळ फिरवून फिरवून बघत होते. "माझे जोड असे होत नाहीत रे," ते म्हणाले. "गोळे होतात. नळीखाली झाकले जातात म्हणून बरं."

भाऊजींचं ते तोंड मी पाहिलं. तसलं तोंड घेऊन एक माणूस गेले कित्येक दिवस माझ्यासमोर जेवायला बसत होता.

भाऊजी गेल्यावर मी चप्पल घातली. "कुठे निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"दुकानात. आरपार दिसणारी नळी मिळते का बघते."

मिळाली. आता हे ओवायला विसरले नाहीत. व्यवस्थापकांनी पिन उघडली, तर आत काचेखाली ठेवल्यासारखे तीन लखलखीत जोड. "हे बेस्ट," ते म्हणाले. "कुठे सुटलंय ते न सोलता दिसेल." काम ह्यांच्याकडेच राहिलं. हे घरी येऊन टीव्ही न लावता बसले. वरून घरघर येत नव्हती, तीच ऐकत होते बहुतेक.

परवा जिन्यात जाऊ भेटली. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग म्हणाली, "ताई, ती आरपार दिसणारी नळी कुठे मिळते हो? हे जेवतसुद्धा नाहीत नीट."

मी दुकानातूनच येत होते. हातातली पिशवी पाठीमागे नेली.

"मला नाही माहीत बाई," मी म्हटलं.