शिळ्या लिनालूलची बाटली

आज सकाळी ज्या साबणाने अंघोळ केलीत, त्याला वास कशाचा होता? सांगता येत नाही ना? बहुतेक त्यात लिनालूल असणार. लॅव्हेंडर, तुळस, धने यांच्यात असतं ते. दिसायला पाण्यासारखं, पातळ, बिनरंगाचं. शांपूत, कपड्यांच्या पावडरीत, फरशीच्या औषधात, जिथे तिथे घालतात.

ते पिंपातून बाटल्यांत भरायचं काम एका बाईने कंपनीच्या शेडमध्ये सोळा वर्षं केलं. झाकण उघडायचा अवकाश, माल ताजा की शिळा हे ती वासावरून सांगायची. म्हणून तिथे तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणत.

पिंपाच्या तळाचा माल महिनोन्‌महिने बादलीत उघडा पडून असायचा. लेबलांचा चिकट डिंक बोटांवरून जाता जात नसे, त्यावर तो नामी उपाय. नवी बाई आली की नाकवालीच शिकवायची, “घे गं, बुडव हात. फुकटचं अत्तर आहे.”

मग बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलं, भेगा पडल्या, पाणी वाहायला लागलं. लेकीच्या बाळाला उचलायचीही चोरी, कारण बाळाच्या साबण-पावडरीलाही तोच वास.

सुपरवायझर म्हणाला, “अहो, झाडापानातलं आहे ते. पोटात गेलं तरी ढिम्म होणार नाही.”

“मग प्या की घोटभर. मी ओतून देते.”

कंपनीच्या डॉक्टरने सीलबंद पिंपातला थेंब पट्टीखाली तिच्या पाठीला लावला. दोन दिवसांनी पाठ कोरी करकरीत. ‘घरकामामुळे झालेली ॲलर्जी’ असं लिहून त्याने हात झटकले. भरपाई नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट विचारपूस केली. म्हणाल्या, “उघडं राहिलं की हवेने ते बदलतं. दिसायला तसंच, पण कातडीला नडतं. तो शिळा माल आणा, मग तपासते.”

नाकवाली धावत शेडमध्ये गेली. बादल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. सगळं चकाचक!

तशी एक बाटली शिल्लक होती, तिच्याच मोरीत. दोन वर्षांपूर्वी फरशी पुसायला तिने शेडमधून गुपचूप आणलेली, अर्धी वापरून उघडीच राहिलेली.

लेक कळवळली. “आई, ही दाखवलीस तर चोर ठरशील.”

“आणि नाही दाखवली तर खोटारडी. चोर परवडलं. निदान नव्या पोरींचे हात तरी वाचतील. त्यांना मीच शिकवलंय गं ते.”

डॉक्टरीणबाईंनी त्या बाटलीतला थेंब लावलेली पट्टी तिसऱ्या दिवशी काढली. पाठीवर रुपयाएवढा लालभडक, फोडांनी भरलेला डाग. त्यांनी कारणासकट लिहून दिलं. तो कागद आणि बाटली जोडून तिने भरपाईचा अर्ज केला.

कंपनी काय गप्प बसते? त्याच आठवड्यात चोरीचा ठपका ठेवून तिला कामावरून काढलं. आणि भरपाईच्या अर्जाला उत्तर दिलं, ‘सदर बाटली आमच्या मालाची नाही.’ म्हणजे चोरलं तेव्हा माल त्यांचा, अंगावर उठलं की परका!

आता त्या अर्जावर सुनावणी आहे. बादलीत हात बुडवणाऱ्या नऊ जणी होत्या. दोघींनी तोंडावर दार लावून घेतलं, बाकीच्यांना नोकरीची धास्ती. तिच्या बाजूने उभी राहायला आज एकही नाही.

त्या शेडमध्ये तुम्ही, तुमच्या बहिणीने, वहिनीने कधी काम केलं असेल, तर सुनावणीला या. बादली होती, एवढंच सांगा.