विहिरीकडचं दार

घराला चुना देताना तो ओला, उग्र वास आला आणि मला मानोऱ्याजवळच्या एका गावातली पोलीस चौकी आठवली. स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि बांधकाम खात्याच्या नोकरीत साहेबांनी मंजूर केलेला माझा तो पहिलाच नकाशा. पारासमोर चुन्याने आखणी करून मी दाराची जागा दाखवत होतो, तेवढ्यात विहिरीवरून आलेली एक म्हातारी कमरेवरची घागर सावरत थांबली. "काहून रे बाप्पा, दार पाराकडं काढून राह्यला? तितं दिवसभर मानसं बसतेत. मार खाल्लेली बाई त्याइच्यासमोरून कशी येईन? इहिरीकडून काढ. घागर घेतलेली बाई कुठं चालली, कोनी इचारत नाही." पारावरून पाटील हसले, "बुढे, तुले कोनाची फिर्याद कराची हाये?" "ज्याची कराची होती तो मेला," ती म्हणाली, "पन सुना हायेत गावात." मंजूर नकाशा बदलला तर नवी नोकरी जाईल, अशी भीती वाटली. तरी विहिरीच्या बाजूला आणखी एक दार आखलं आणि म्हातारीचं बोलणं साहेबांना जसंच्या तसं लिहून कळवलं. त्यांनी काही न विचारता सही केली. चौकी सुरू झाल्यावर मी पाहायला गेलो, तेव्हा त्या दाराच्या उंबऱ्याशी भरलेली घागर ठेवलेली होती आणि आत एक बाई हळू आवाजात बोलत होती. मी बाहेरूनच परतलो. पुढे कितीतरी चौक्या आखल्या. पण कागद उलगडण्याआधी प्रत्येक गावात विचारत आलो, बायका पाणी कुठून भरतात?